दारापाशीचे कुंड

इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या खेड्यातल्या चर्चमध्ये शिरले की दारापासून चार पावलांवर, पश्चिमेच्या टोकाला, एक अष्टकोनी दगडी कुंड उभे दिसते. खाली पायऱ्यांचा चौथरा, त्यावर बसक्या सिंहांनी वेढलेला जाड खांब, खांबावर आठ कोरीव फलकांचे भांडे, भांड्याला आतून शिशाचे अस्तर आणि तळाशी वापरलेले पाणी थेट जमिनीत सोडून देणारे छिद्र. पंधराव्या शतकात घडवलेल्या अशा कुंडांत आजही तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा दिला जातो. सध्या गावोगावी वाद चालला आहे तो या कुंडांच्या जागेवरून. ती तिथून उचलून पुढे, सगळ्यांना दिसतील अशी वेदीजवळ न्यावीत; किंवा ती राहू द्यावीत कोपऱ्यात आणि बाप्तिस्मा एखाद्या सुटसुटीत, इकडून तिकडे नेता येणाऱ्या भांड्यात द्यावा, असे एका पक्षाचे म्हणणे आहे. दुसरा पक्ष वारशाच्या नावाने याला विरोध करतो. एक बाजू म्हणते, ‘चर्च म्हणजे संग्रहालय नव्हे’. दुसरी म्हणते, ‘पाचशे वर्षे जे हलले नाही ते आता कशाला हलवायचे?’ ही दोन्ही वाक्ये ऐकायला ठसकेबाज आहेत आणि दोन्ही मूळ प्रश्नाला बगल देतात. कुंड हलवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे; परंतु त्यासाठी मी त्याच्या जुनेपणाचा आधार घेणार नाही, कारण तो आधार फार कच्चा आहे. कुंडाची जागा हा कुंडाचाच एक अवयव आहे आणि ती जागा कोणती असावी, याचा निर्णय इंग्लंडने एकदा नव्हे, अनेकदा, समोर दुसरा पर्याय दिसत असताना घेतलेला आहे. माझा सारा भर त्यावर आहे.

आधी वस्तू नीट पाहू. उत्तर मध्ययुगातल्या कुंडांपैकी सर्वांत बोलकी म्हणजे ‘सात संस्कारांची कुंडे’. ती चाळीसेक उरली आहेत आणि केंट व सॉमरसेटमधले एकेक सोडले तर ती सगळी नॉरफोक आणि सफोक या दोन परगण्यांत आहेत. बाप्तिस्मा, दृढीकरण, मिस्सा, पापनिवेदन, विवाह, याजकदीक्षा आणि मरणाऱ्याला तेल लावण्याचा अंत्यसंस्कार असे सात फलक, आणि उरलेल्या आठव्यावर बहुधा ख्रिस्ताचा बाप्तिस्मा किंवा त्याचे क्रूसावरचे मरण. ईस्ट डेरेहॅमचे कुंड १४६८ मध्ये गावाने पैसे मोजून करून घेतल्याची नोंद चर्चच्या हिशेबात आहे. वॉल्सोकनच्या कुंडावर १५४४ हे साल आणि दात्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करण्याची विनंती कोरलेली आहे. वेस्टहॉल आणि ग्रेट विचिंगहॅम इथे मूळ रंगाचे अवशेष अजून टिकून आहेत, त्यावरून ही कुंडे आज दिसतात तशी राखाडी कधीच नव्हती हे कळते. ती लाल, हिरवी, सोनेरी, जत्रेतल्या रथासारखी झगझगीत असत. बाप्तिस्म्याच्या फलकावर धर्मगुरू उघड्या बाळाला कुंडात बुडवताना दिसतो, आणि ज्या कुंडात तो बुडवतो ते याच कुंडासारखे असते. ज्या दगडावर त्याच्याच वापराचे चित्र कोरले आहे, त्याला ‘शोभेची जुनी वस्तू’ म्हणणे मला तरी जमत नाही.

शिवाय हा दगड जन्मापासून वादात उतरलेला आहे. १४२८ ते १४३१ या काळात नॉरिचचे बिशप विल्यम अॅलनिक यांनी चर्चच्या संस्कारांवरच आक्षेप घेणाऱ्या लॉलार्ड पंथीयांवर खटले चालवले. मार्टहॅमच्या मार्जरी बॅक्स्टर आणि लॉडनच्या हॉविसिया मून या दोघी त्या आरोपींत होत्या. हॉविसिया मूनच्या कबुलीजबाबात असे आहे, की चर्चमध्ये रूढीप्रमाणे पाण्याने दिला जाणारा बाप्तिस्मा ही क्षुल्लक गोष्ट आहे, कारण ख्रिस्ताच्या रक्तानेच त्याच्या सर्व लोकांचा पुरेसा बाप्तिस्मा झालेला आहे. पुढल्या दोन-तीन पिढ्यांत मार्टहॅम आणि लॉडन या दोन्ही गावांच्या चर्चमध्ये सात संस्कारांचे कुंड उभे राहिले. अशा पाखंडाला दगडात दिलेले उत्तर म्हणून ही कुंडे घडवली गेली, असे काही अभ्यासक मांडतात. मधली वर्षे पाहता हा संबंध थेट म्हणता येणार नाही. पण ज्या मुलखात पाण्याला ‘क्षुल्लक’ म्हटले गेले, त्याच मुलखात पाण्याचे भांडे एवढ्या थाटाने, एवढ्या उंच चौथऱ्यावर आणि नेमके येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेत उभारले गेले, हा योगायोग मानायलाही बरेच धाडस लागेल.

आता विरोधकांचे मुद्दे. त्यांतले दोन इतके बळकट आहेत, की वारसावाले त्यांना भिडतच नाहीत. पहिला मुद्दा असा, की कुंडे हलली आहेत, आणि पुष्कळदा हलली आहेत. सतराव्या शतकाच्या मध्यावर कितीतरी कुंडे उखडून बाहेर टाकली गेली. त्यांतली काही गुरांची पाण्याची डोणी झाली, काही बागेतल्या कुंड्या झाल्या, आणि पुढे कोणाच्या तरी लक्षात येऊन परत आत आली. एकोणिसाव्या शतकातल्या जीर्णोद्धारांनी काही कुंडे या खांबाजवळून त्या खांबाजवळ सरकवली. तेव्हा ‘पाचशे वर्षे हलले नाही’ हे वाक्य अनेक गावांत सरळसरळ खोटे आहे. आपल्याजवळचे उदाहरण घ्यायचे तर जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमधले बाप्तिस्माकुंड १५३२ मध्ये घडवलेले आहे आणि आजची ती वास्तू बांधायला सुरुवात झाली १५६२ मध्ये. म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नावाशी परंपरेने जोडले गेलेले ते कुंडही मूळ जागेवरून आणलेलेच आहे. आणि म्हणून त्याची प्रतिष्ठा कमी झाली, असे कोण म्हणेल?

दुसरा मुद्दा याहून खोल आहे. कुंड दारापाशी असण्याचे मूळ कारण विधीत होते. मध्ययुगात बाप्तिस्मा सुरू होत असे तो चर्चच्या दाराबाहेर. तिथे बाळाचे नाव विचारले जाई, त्याच्या तोंडात मीठ घातले जाई, सैतानाला निघून जाण्याची आज्ञा होई. आणि मग बाळाला उंबरठा ओलांडून आत, कुंडापाशी नेले जाई. इंग्लंड रोमपासून वेगळे झाल्यावर, राजा सहाव्या एडवर्डच्या काळातल्या १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनाविधीतही सुरुवात दारातच होती. १५५२ च्या सुधारित विधीने मात्र दाराचा भाग काढून टाकला आणि सगळा संस्कार कुंडाजवळ आणला. (१५४९ च्या सुमारास विल्टशरमध्ये जन्मलेले आणि १५७९ मध्ये गोव्यात येऊन पुढे मराठीत पुराण रचणारे फादर थॉमस स्टीफन्स हे या उलथापालथीच्या पिढीतलेच.) मग विरोधक विचारतात, आणि रास्तपणे विचारतात, की ज्या कारणासाठी कुंड दारापाशी होते ते कारणच १५५२ मध्ये संपले असेल, तर त्यानंतरची साडेचारशेहून अधिक वर्षे ते तिथे केवळ सवयीने उभे आहे, असे का म्हणू नये?

केवळ सवयीने ते तिथे राहिलेले नाही, हे कागदोपत्री दिसते. १५६१ मध्ये एलिझाबेथ राणीच्या हुकुमाने चर्चमधले क्रूसाखालचे सज्जे उतरवले गेले. जुन्या रोमन कॅथलिक धर्माच्या खुणा पुसणाराच तो हुकूम. त्याच हुकुमात एक अट घातलेली आहे: कुंड त्याच्या नेहमीच्या जागेवरून हलवू नये, आणि धर्मगुरूंनी बाप्तिस्मा परातीत किंवा वाडग्यात देऊ नये, रूढ कुंडातच द्यावा. म्हणजे हलवता येणाऱ्या भांड्याची कल्पना तेव्हाही होती, वापरातही होती, आणि ती पाहून, समजून नाकारली गेली. १६०४ च्या नियमावलीतला ८१ वा नियम तर आणखी नेमका आहे: प्रत्येक चर्चमध्ये दगडाचे कुंड असावे आणि ते प्राचीन, नेहमीच्या जागी असावे. हे लिहिणारे लोक जुन्या रोमन विधीचे चाहते नव्हते. कुंडांवर कोरलेल्या सातांपैकी पाच संस्कारांना त्यांच्या स्वतःच्या धर्ममतांच्या ३९ कलमांतले २५ वे कलम सुवार्तेतले संस्कार मानायलाच तयार नव्हते. तरीही दाराचा विधी गेल्यावर दारापाशीची जागा त्यांनी राखली, कारण त्या जागेला विधीपलीकडचा अर्थ आहे हे त्यांना पटलेले होते. बाप्तिस्मा हा प्रवेश आहे, आणि प्रवेश कुठून होतो हे सांगायला व्याकरणाची गरज नसते. मूळ कारण गेले आणि गोष्ट राहिली, अशी उदाहरणे कोणत्याही समाजात शेकड्याने सापडतील. पण जिचे मूळ कारण गेल्यावर ती ठेवायची की नाही असा प्रश्न समोर आला आणि ‘ठेवायची’ असे उत्तर लेखी दिले गेले, तिला आपण सवय म्हणू शकत नाही.

मग ‘दिसत नाही’ या तक्रारीचे काय? आजच्या बाजूने सर्वाधिक ऐकू येणारा युक्तिवाद हाच आहे: लोक पूर्वेकडे तोंड करून बसतात, कुंड त्यांच्या पाठीमागे असते, आणि सबंध मंडळीच्या साक्षीने व्हावा असा संस्कार कुणाला दिसतच नाही. हा युक्तिवाद आजचा वाटतो, पण त्याचे वय ३८० वर्षांच्या आसपास आहे. १६४५ मध्ये पार्लमेंटने प्रार्थनाग्रंथ रद्द करून जी मार्गदर्शिका लागू केली, तिच्यात हेच लिहिले होते: बाप्तिस्मा सार्वजनिक उपासनेच्या ठिकाणी, लोकांना सोयीने दिसेल आणि ऐकू येईल असा द्यावा, पोपच्या काळात कुंडे जिथे अयोग्यपणे आणि अंधश्रद्धेने ठेवलेली होती तिथे देऊ नये. प्यूरिटनांनी, म्हणजे रोमन परंपरेच्या उरल्यासुरल्या खुणाही काढू पाहणाऱ्या त्या काळच्या कडव्या सुधारकांनी, मांडला म्हणून युक्तिवाद वाईट ठरतो, असे मी म्हणणार नाही. तो वितंडवाद होईल. उलट मला त्यांचे कौतुक वाटते. दारापाशीचे कुंड काहीतरी शिकवते हे त्यांनी ओळखले होते, ती शिकवण त्यांना नको होती, म्हणून त्यांना ती जागाही नको होती. जागा काहीच बोलत नाही असे त्यांनी कधी मानले नाही. आजचे सुधारक मात्र त्याच निष्कर्षाला निव्वळ नजरेच्या सोयीपायी येतात, जणू कुंड म्हणजे वर्गातला फळा आणि तो मागच्या भिंतीवर चुकून लागला आहे. १६६० मध्ये राजसत्तेची पुनःस्थापना झाल्यावर प्रार्थनाग्रंथ परत आला, आणि १६६२ च्या विधीत धर्मगुरू कुंडाकडे जातो. कुंड त्याच्याकडे येत नाही. त्याच विधीने बाप्तिस्मा शक्यतो रविवारी, अधिकाधिक लोक जमलेले असताना द्यावा, असेही सांगितले. म्हणजे साक्षीची काळजी त्यांनाही होती. ती त्यांनी दगड सरकवून सोडवली नाही, दिवस नेमून सोडवली.

आणि दिसण्याचाच प्रश्न असेल तर माणसाला मान आहे, पाय आहेत. ज्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी सगळी मंडळी उठून चालत कुंडापर्यंत जाते, तिथे आजीपासून नातवापर्यंत सगळे कुंडाभोवती कोंडाळे करून उभे राहतात आणि पाण्याचा आवाज ऐकतात. पुढे वेदीजवळ ठेवलेल्या भांड्याकडे बाकावरून पाहण्यापेक्षा ही साक्ष अधिक जवळची नाही काय? अडचण असते ती वेगळीच. कुंडाभोवतीची जागा बहुतेक ठिकाणी अडगळीची झालेली असते: प्रार्थनापुस्तकांचे कपाट, जुन्या पुस्तकांच्या विक्रीचे टेबल, फुलदाण्यांच्या बादल्या, घड्या घातलेल्या खुर्च्या, कधी चक्क व्हॅक्यूम क्लीनर. इंग्लंडच्या चर्चचा आजचा एफ-१ हा नियम सांगतो, की कुंड शक्य तितके मुख्य प्रवेशाजवळ असावे आणि त्याच्या भोवती ऐसपैस, नीटनेटकी जागा असावी. नियमाचा पहिला अर्धा भाग मोडायची परवानगी मागणाऱ्यांपैकी कितीजणांनी दुसरा अर्धा भाग आधी पाळून पाहिलेला असतो?

‘चर्च म्हणजे संग्रहालय नव्हे’ या वाक्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण ते खरे आहे आणि ते उच्चारणाऱ्यांच्याच विरुद्ध जाते. वस्तू हलवता येतात त्या संग्रहालयात. तिथे वस्तूचे एकच काम उरलेले असते, दिसण्याचे. म्हणून जिथे प्रकाश चांगला तिथे तिला नेणे योग्यच. कुंडाला ‘दिसेल अशा जागी’ नेणारा माणूस, स्वतःच्या नकळत, चर्चमध्ये संग्रहालयाचा नियम आणतो. कामाची वस्तू काम जिथे होते तिथे असते, मग ती जागा अडचणीची का असेना. सफोकमधल्या अफर्डच्या चर्चमध्ये कुंडावर लाकडी झाकण आहे, सुमारे १८ फूट उंच, निमुळते होत गेलेले, शिखरावर आपल्या छातीत चोच खुपसणारा पेलिकन पक्षी. त्याचा खालचा भाग वरच्या भागावर सरकत जातो आणि कुंड उघडते. १६४४ मध्ये मूर्तिभंजक विल्यम डाउझिंग तिथे पोहोचला, त्याला ते पोपच्या तिहेरी मुकुटासारखे वाटले, सोन्याने मढवलेले ते झाकण ‘वैभवशाली’ असल्याचे त्याने आपल्या रोजनिशीत लिहिले आणि ते तसेच राहू दिले. नॉरफोकच्या ट्रंचमध्ये सहा खांबांची कोरीव लाकडी छत्री कुंडाभोवती उभी आहे. अशा छत्र्या साऱ्या इंग्लंडमध्ये चारच उरल्या आहेत. यांतली कोणती वस्तू ‘कुंड’ आणि कोणती ‘कुंडाची जागा’? ट्रंचच्या सुतारांनी त्या दोहोंमध्ये फट ठेवलेलीच नाही.

आता खरोखर अवघड बाब. इंग्लंडच्या चर्चकडे सुमारे १६,००० उपासनागृहे आहेत, त्यांतली १२,००० हून अधिक संरक्षित वास्तूंच्या यादीत आहेत, आणि खेड्यातल्या अशा एखाद्या चर्चमध्ये रविवारी वीस-पंचवीस माणसे येतात, त्यांतली बरीचशी सत्तरी ओलांडलेली. गळक्या छपराचा खर्च त्यांनी उचलायचा. त्यांना एक स्वच्छतागृह हवे, चहाची सोय हवी, चाकाच्या खुर्चीला वाट हवी. आणि या तिन्ही गोष्टींना पाण्याच्या व सांडपाण्याच्या नळासकट पश्चिमेचेच टोक सोयीचे पडते. तिथे मधोमध, दोन पायऱ्यांच्या चौथऱ्यावर, कुंड. दूर शहरात बसून ‘हलवू नका’ म्हणणाऱ्याला यातले काहीच भोगावे लागत नाही, हे मला मान्य आहे. जी मंडळी टिकली नाही तिच्या कुंडात बाप्तिस्मा कोणाचा होणार? बंद पडलेल्या चर्चसाठी १९६९ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज ‘चर्चेस कॉन्झर्वेशन ट्रस्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेकडे साडेतीनशेहून अधिक चर्च आहेत. त्यांतली कुंडे उत्तम राखलेली आहेत आणि कोरडी आहेत. कोरड्या कुंडापेक्षा सरकवलेले ओले कुंड बरे, असे कोणी म्हटले तर मी गप्प बसेन.

पण निवड खरोखरच या दोहोंत असते का? स्वच्छतागृह मनोऱ्याच्या तळमजल्यावर बसवलेली चर्च आहेत, बाहेर आवारात जोडून बांधलेली आहेत. पश्चिमेकडची चार-सहा रांगा बाके काढली की चाकाच्या खुर्चीला वाट मिळते आणि कुंडालाही श्वास घ्यायला जागा मिळते; आणि बाके बहुतेक ठिकाणी एकोणिसाव्या शतकातली असतात. चर्चमध्ये असा बदल करायला बिशपाच्या न्यायालयाची परवानगी लागते. डफील्डच्या चर्चसंबंधीच्या निकालापासून तिथे प्रश्नांचा क्रम ठरून गेला आहे: बदलाने वास्तूच्या महत्त्वाला बाधा येते का, किती येते, बदलाचे समर्थन किती स्पष्ट आणि पटण्याजोगे आहे, आणि होणारा लाभ हानीपेक्षा मोठा आहे का. हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो. अडचण एवढीच, की ‘बाधा’ मोजताना दगडाचे वय, कोरीव कामाचा दर्जा, भेगा पडण्याचा धोका यांची चर्चा पानोपानी होते आणि ‘दारापाशी’ या शब्दाला एखादी ओळ मिळते. वारसावाद्यांनीच ही सवय लावली आहे. कुंडाला ते उत्कृष्ट शिल्प म्हणून लढवतात. मग समोरचा सहज म्हणतो, ‘शिल्पाला धक्का लागणार नाही, आम्ही क्रेनने अलगद उचलू.’ आणि वारसावाला निरुत्तर होतो, कारण जी गोष्ट तुटणार होती तिचे नाव त्याने घेतलेलेच नसते.

नव्या कुंडाला माझा विरोध नाही. सॉल्झबरी कॅथेड्रलमध्ये २००८ मध्ये विल्यम पाय या शिल्पकाराने केलेले कुंड बसवले गेले: ब्राँझचे, क्रूसाच्या आकाराचे, काठोकाठ भरलेले, चारही टोकांतून पाणी अखंड ओसंडणारे. ते आजच्या घडणीचे आहे, पण ते स्थिर आहे. तिथे जावे लागते. जुन्या कुंडाचा आब त्याने राखला आहे तो याच अर्थाने. याउलट काचेचा वाडगा किंवा स्टीलचे भांडे टेबलावर ठेवून संस्कार झाल्यावर कपाटात जाते. पुढल्या रविवारी तिथून जाणाऱ्या मुलाला ‘तुझा बाप्तिस्मा इथे झाला’ असे कशाकडे बोट दाखवून सांगणार? दगडी कुंडाला हा प्रश्न कधी पडला नाही. लॉडनच्या कुंडावरच्या आकृत्या अशा तासल्या गेल्या आहेत की फलकांवर नुसत्या छाया उरल्या आहेत; १६४२ मध्ये तिथल्या चर्चने प्रतिमा विद्रूप करण्यासाठी काचकाम करणाऱ्या कारागिराला सहा शिलिंग दिल्याची नोंद हिशेबात आहे. चेहरे गेले, सातातले पाच संस्कार अमान्य झाले. तरी कुंड उंच पायऱ्यांवर उभे आहे, आणि त्यात मुले आणली जात राहिली.

तेव्हा परवानगी कुठे द्यावी? जिथे कुंड एकोणिसाव्या शतकातच सरकवले गेले आहे आणि त्याची जुनी जागा जमिनीतल्या पायावरून दाखवता येते, तिथे ते खुशाल हलवावे. म्हणजे परत न्यावे. जिथे ओल किंवा पूर दगड खातो आहे तिथेही हलवावे, दारापासून शक्य तितके कमी अंतर. जिथे मंडळी नव्या वास्तूत जाते आहे तिथे गोव्याप्रमाणे कुंडाने तिच्याबरोबर जावे. प्रौढांना पूर्ण बुडवून बाप्तिस्मा द्यायचा असेल तर त्या दिवसापुरता मोठा हौद मांडावा; त्यासाठी जुन्या दगडाला हात लावायचे कारण नाही. आणि ज्यांचे कारण फक्त ‘मागे आहे, दिसत नाही’ एवढेच आहे, त्यांच्या अर्जावर न्यायालयाने वर्षभरानंतरची तारीख द्यावी; त्या वर्षात त्यांनी पुस्तकांचे टेबल आणि व्हॅक्यूम क्लीनर दुसरीकडे ठेवावा, प्रत्येक बाप्तिस्म्याला सगळ्यांनी उठून दारापर्यंत चालत जावे, आणि मग पुन्हा येऊन काय दिसले नाही ते सांगावे.